पलीकडच्या समुद्राकडे

आम्ही पोचलो, हे आधीच सांगून टाकते. डहाणूच्या किनाऱ्यावरून निघालेली जुनी जीप, तिच्यात दोन पोरी, एक स्टोव्ह, गोधड्यांचं गाठोडं आणि आईने दिलेला सुक्या बोंबलांचा डबा, हे सगळं देशाच्या दुसऱ्या टोकाच्या समुद्रावर जाऊन धडधाकट परत आलं. अजूनही कुणी भेटलं की त्या प्रवासाबद्दलच विचारतं. जंगलं कशी होती, भीती वाटली का, वाटेत जेवलात कुठे. मला मात्र तो प्रवास आता तुकड्यातुकड्यांनी आठवतो. लख्ख आठवतं ते निघण्याआधीचं. थंडीचे ते दिवस, चिकूच्या वासाने भरलेली आमची पडवी आणि घरातला एकेकाचा चेहरा. म्हणून इथे लिहिते आहे ते निघण्याबद्दल.

आमची वाडी सरावलीला. बाबा आणि त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे मोठेकाका, यांची ती एकत्र होती. दोघांची घरं एकाच अंगणात समोरासमोर, आणि बाजूच्या लांब पडवीत चिकूचं काम चाले. मोसमात पहाटे मी जीप घेऊन रानशेतला जाई आणि तिथल्या पाड्यांवरची वारली माणसं घेऊन येई. पुरुष लांब काठीला जाळी लावलेली बेडणी घेऊन झाडांखाली पांगत, बायका पडवीत बसून फळं निवडत. टोपली जमिनीवर रिकामी केली की चिकू गडगडत जात, तो बोदा, मऊसर आवाज दिवसभर घरात भरून असे. चिकाने सगळ्यांचे हात काळे पडत. माझ्याही हातांना तो चीक लागे, मग स्टिअरिंगला, आणि उन्हाळा येईपर्यंत स्टिअरिंग नुसतं चिकटत राही. बायकांमध्ये मंगळीबाय सगळ्यांत जुनी. ती बोलायची कमी, पण तिने मान वर करून पाहिलं की बाकीच्यांची कुजबुज थांबायची. दुपारी आई मोठ्या पातेल्यात चहा करी. पडवीतल्या बायकांचे कप वेगळे होते, ते बाहेरच्या कोनाड्यात पालथे घातलेले असत. माझ्या जन्माआधीपासून ते तिथेच होते.

मी गाडी शिकले ती हौसेने नव्हे. बाबा झाडावरून पडले आणि त्यांचा गुडघा कायमचा गेला, क्लच दाबवेना. मोठेकाकांचा मुलगा वापीला कारखान्यात लागला होता, त्याला वाडीत यायचं नव्हतं. मोठेकाकांना चालवता येत नव्हती. उरले मी. बाबांनी शेजारी बसून वाडीतल्या मातीच्या वाटेवर मला शिकवलं आणि पुढच्या मोसमात मी बाजारात चिकूच्या पेट्या उतरवत होते. तेव्हा मोठेकाका बाजारात चारचौघांत सांगत, "आमची नंदा म्हणजे मुलगाच आहे." मला ते ऐकून बरं वाटायचं नाही. मुलगी म्हणूनच मी ती जीप चढावर चढवत होते.

यमुना माझ्याबरोबर डहाणूच्या कॉलेजात होती. तिचं घर तलासरीच्या बाहेर, हायवेपासून हाकेच्या अंतरावरच्या वारली पाड्यावर. ती हॉस्टेलला राहायची आणि पुढे नर्सचं शिक्षण पुरं करून नेमणुकीची वाट बघत होती. पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा आई चहाच्या ट्रेमध्ये कोनाड्यातला कप घेऊन दारात क्षणभर थबकली, मग आत गेली आणि घरातला कप घेऊन आली. यमूने सगळं पाहिलं. चहा पिऊन कप स्वतः विसळला, स्वयंपाकघरात नेऊन घरातल्या कपांच्या ओळीत ठेवला आणि म्हणाली, "काकी, चहा छान होता." पुढच्या वेळी आई दारात थबकली नाही.

प्रवासाची गोष्ट निघाली तीही यमूमुळे. एका संध्याकाळी आम्ही डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूंच्या झाडांखाली बसलो होतो. सूर्य पाण्यात उतरत होता आणि आजूबाजूची माणसं नेहमीप्रमाणे ते बघायला थांबली होती. यमू म्हणाली, "आपण जन्मभर ह्याला बुडतानाच बघायचं का? मला हा समुद्रातून निघताना बघायचाय."

"त्यासाठी पलीकडच्या समुद्रावर जावं लागेल."

"मग जाऊ. तुझ्याकडे गाडी आहे."

ती हसत नव्हती. मीही हसले नाही. आता विचार केला तर वाटतं, त्या वयात हसून सोडून द्यायच्या गोष्टी किती होत्या, आणि नेमकी हीच आम्ही सोडून दिली नाही.

मग तयारी सुरू झाली. शाळेतल्या ओळखीच्या बाईंकडून भारताचा जुना भिंतीवरचा नकाशा मागून आणला आणि पडवीच्या टोकाला लावला. जव्हार, नाशिक, मग खानदेश-विदर्भ ओलांडून नागपूर, पुढे रायपूर, आणि ओरिसातून खाली समुद्रापर्यंत. सहल म्हणून नागपूरपलीकडे गेलेलं आमच्या ओळखीत कुणीच नव्हतं. मसोलीच्या गॅरेजवाल्याकडे जाऊन मी चाक बदलायला, फॅनबेल्ट बसवायला शिकले. पहिल्या दिवशी तो म्हणाला, "ताई, फोन करा, मी येतो ना." मी विचारलं, "रायपूरला येशील?" त्याने मुकाट्याने पाना माझ्या हातात दिला. रविवारी मी आणि यमू तलासरीच्या हायवेवरच्या धाब्यावर जाऊन लांबून आलेल्या ट्रकवाल्यांना रस्ता विचारायचो. एकाने सांगितलं, रायपूरच्या पुढे रस्ता लोण्यासारखा आहे. दुसरा म्हणाला, तिथे रस्ताच नाही. तिसऱ्याने दोघांनाही वेड्यात काढलं आणि आम्हाला वडिलांची नावं विचारली. शेवटी यमूने ठरवलं, की रस्ता तिथे गेल्यावर कळेल. आता माझी भाची जेवताजेवता फोनवर अंगठा फिरवते आणि सगळा प्रवास तिथल्या तिथे ठरवून मोकळी होते. तिचा हेवा वाटतो. पण त्या धाब्यावरची खारी बिस्किटं आणि एकमेकांना खोडून काढणारे ते ड्रायव्हर मी कशाच्या बदल्यात देणार नाही.

घरात सांगितलं ते जेवणाच्या वेळी. तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण होतं, मोठेकाकाही आमच्याकडेच जेवत होते. मी म्हटलं, "होळीच्या आधी मी आणि यमू जीप घेऊन ओरिसाला जाणार आहोत. महिनाभर लागेल."

आईचा हात परातीवर थांबला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग ताटाकडे. मोठेकाकांनी घास संपवला, पाणी प्यायलं आणि विचारलं, "कशाला?"

"बघायला."

"काय आहे तिथे?"

"ते बघायलाच जायचंय."

"कामाशिवाय गाडी गेटाबाहेर जाणार नाही," ते म्हणाले. त्यांनी उठून हात धुतले आणि जाताना खिळ्यावरची जीपची किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली. जीप त्यांच्या नावावर होती. दुसऱ्या दिवसापासून किल्ली पहाटे माझ्या हातात पडायची आणि संध्याकाळी परत मागून घेतली जायची.

बाबा एरवी भावाच्या शब्दाबाहेर जात नसत. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना गाठलं. ते अंगणात पाय लांब करून गुडघ्याला तेल चोळत होते. मी विचारलं, "तुमचं काय म्हणणं आहे?" त्यांनी तेलाची वाटी बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मला भीती वाटते, नंदा. दुसरं काही नाही. तू गाडी नीट चालवतेस हे मला माहीत आहे. बाकीचं जग कसं चालवतं ते माहीत नाही." मी म्हटलं, "भीती मलाही वाटते, बाबा." ते हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत. बाबांच्या बाबतीत तेही पुष्कळ होतं.

त्याच आठवड्यात मी बसने यमूच्या घरी गेले. कुडाच्या भिंती गेरूने सारवलेल्या, अंगणात कोंबड्या, आणि हायवेवरून ट्रक गेला की चुलीपाशी ठेवलेली पितळी थरथरायची. यमूच्या आईने नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी वाढली. मी सगळी हकीकत सांगितली. मला वाटलं होतं, तीही काळजी करेल. ती भाकरी थापत ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "मी यमूएवढी असताना वीटभट्टीवर गेली. ट्रकात मागं उभं राहून, गुजरातेत, पार लांब. बरोबर सगळ्या बायकाच. तेव्हा कुणी इचारलं नाय बायका कशा जातील. काम होतं ना, म्हणून. आता पोर नुसतं बघाया जाते, तर सगळ्यांना काळजी."

परतीच्या बसमध्ये तिचं बोलणं माझ्या डोक्यातून जाईना. सरावलीला उतरेपर्यंत काय करायचं ते ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मोठेकाकांनी किल्ली पुढे केली तेव्हा मी हात पुढे केला नाही. म्हटलं, "माझ्यासाठी गाडी निघणार नसेल, तर गाडीसाठी मीही निघणार नाही."

मला वाटलं ओरडतील. ते वळले आणि त्यांच्या घरात गेले.

त्यानंतरचे दिवस कठीण होते. मोठेकाका कधी रिक्षा, कधी कुणाची गाडी मागत होते, पण मोसम भरात होता आणि पडवीत पेट्यांवर पेट्या चढत होत्या. पिकलेल्या चिकूचा गोड, आंबूस वास अंथरुणापर्यंत यायला लागला. माशा घोंघावत होत्या. आई माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. एका सकाळी मी दारातून पाहिलं, बाबा स्वतःच जीपमध्ये चढून बसले होते. ते क्लच दाबायचा प्रयत्न करत होते. चेहरा दुखण्याने आवळलेला. जीप एकदा हिसका देऊन पुढे गेली आणि बंद पडली. मला धावत जावंसं वाटलं. मी चौकट घट्ट धरून उभी राहिले. बाबा उतरले, माझ्याकडे न बघता लंगडत आत गेले. त्या सकाळी मी हरले असते तर बाबांमुळे हरले असते, मोठेकाकांमुळे नाही.

मग मोठेकाकांनी टेम्पोवाला ठरवला. घोलवडकडचा माणूस, स्वतःचा नवा टेम्पो. त्याने एका फेरीत अर्धा माल उचलला. मोठेकाका पडवीत उभे राहून मला ऐकू जाईल असं म्हणाले, "बघ, कुणावाचून काही अडत नाही." ते खरं होतं. माझा संप संपला होता. ते तेवढ्यावर थांबले असते तर मी बहुतेक घरातच राहिले असते. पण जिंकलेल्या माणसाला थांबता येत नाही. ते पुढे म्हणाले, "आणि जायचं कुणाबरोबर, तर त्या वारल्याच्या पोरीबरोबर. महिनाभर तिच्या ताटात जेवणार, तिच्या अंथरुणात झोपणार. घराला बाट लावणार ही."

पडवीत बायका निवडायला बसलेल्या होत्या. चिकूंचा गडगडणारा आवाज थांबला. मंगळीबायने मान वर करून मोठेकाकांकडे पाहिलं. मग ती खाली बघून पुन्हा फळं निवडायला लागली. संध्याकाळी सगळी माणसं नेहमीच्या वेळी त्या टेम्पोत बसून गेली.

दुसऱ्या दिवशी टेम्पो रानशेतहून रिकामा परत आला. टेम्पोवाला म्हणाला, "कुणी बसायला तयार नाही, शेठ. सगळे घरी आहेत. अंगणात बसलेत. पण येत नाहीत."

मोठेकाकांनी दुसऱ्या पाड्यावर टेम्पो पाठवला. तिथेही तेच. माल नेणारी गाडी दारात उभी होती आणि झाडांवरचा माल उतरवणारं कुणी नव्हतं. दुपारी आई पदर खोचून माझ्यापाशी आली. "चल," म्हणाली, "रानशेतला जाऊन येऊ." आम्ही बसने गेलो. आई एवढी वर्षं त्या बायकांना ओळखत होती, पण त्यांच्या घरी ती पहिल्यांदाच जात होती.

मंगळीबायने आम्हाला अंगणात बाजेवर बसवलं. आई म्हणाली, "मंगळी, कामावर या. त्यांचं बोलणं मनावर घेऊ नकोस."

मंगळीबाय शांतपणे म्हणाली, "बाई, आमची पोर तुमच्या पोरीशेजारी बसली तर बाट लागते. मंग आमच्या हातचं चिकू बाजारात कसं चालतं? दिवसभर आमचाच हात लागतो त्याला."

आईने विचारलं, "मी काय करू?"

"तुम्ही काय नको. जो बोलला त्याला पाठवा."

परतताना आई बसच्या खिडकीतून बाहेर बघत होती. घरी आल्यावर ती सरळ मोठेकाकांच्या घरात गेली. माझ्या आठवणीत ती त्यांच्यासमोर कधी मोठ्याने बोलली नव्हती. तेव्हाही बोलली नाही. पण शब्द अंगणापर्यंत ऐकू आले. "भावजी, तुम्ही रानशेतला जायचं. आणि टेम्पोने नाही जायचं. नंदा तुम्हाला नेईल." मग ती म्हणाली, "पडवीतले ते वेगळे कप मी आजपासून काढून टाकलेत. तुम्हाला चालत नसेल तर तुमचा चहा तुमच्या घरी करा."

दुसऱ्या सकाळी मोठेकाका जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. किल्ली त्यांनीच माझ्या हातात दिली. मंगळीबायच्या अंगणात बरीच माणसं जमली होती. मोठेकाका बाजेवर बसले. उंच, गोरा माणूस, कडक इस्त्रीचा सदरा, आणि त्या बाजेवर ते एकदम म्हातारे दिसत होते. मंगळीबायने तांब्या आणून पुढे ठेवला. सगळे बघत होते. त्यांनी तांब्या उचलला, वरून न ओतता तोंडाला लावला आणि पाणी प्यायलं. मग म्हणाले, "माझ्या तोंडून वाईट गेलं. जायला नको होतं."

मंगळीबाय म्हणाली, "चहा घ्या." त्यांनी चहाही घेतला.

येताना वाटेत त्यांनी विचारलं, "कधी निघायचंय तुम्हाला?"

"होळीच्या आधी."

"आणि माल?"

"टेम्पोवाला आहे ना. तुम्हीच म्हणालात, कुणावाचून अडत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ओठ हलले, पण ते हसू होतं की राग, मला आजही सांगता येणार नाही. त्यांचं मत बदललं होतं असं मी म्हणणार नाही. पुढेही कितीतरी वर्षं ते यमूला नावाने हाक मारत नसत. पण त्यानंतर किल्ली त्यांनी परत मागितली नाही.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने यमूला सांगायला गेले. तिने ऐकून घेतलं. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "नंदा, तुझ्या काकांनी पाणी प्यायलं म्हणून मी गाडीत बसणार नाही. मला जायचंय म्हणून बसणार आहे. हे नीट लक्षात ठेव, नाहीतर आपलं वाटेत भांडण होईल." ते मी लक्षात ठेवलं. भांडणं तरी झालीच, पण दुसऱ्या कारणांवरून.

निघायच्या दिवशी बाबांनी स्वतः टायरची हवा तपासली, इंजिनचं पाणी पाहिलं, स्टेपनीचे नट आवळले. मग बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. म्हणाले, "चढावर घाई करू नकोस. गाडीला तिच्या गतीने चढू दे." आईने डबे भरले आणि मला जवळ न घेता, माझ्या खांद्यावरची नसलेली धूळ झटकली. मोठेकाका त्यांच्या ओट्यावर पेपर वाचत होते. मी त्यांच्या पाया पडले. पेपर थोडा खाली करून ते म्हणाले, "गाडी जशी आहे तशी परत आणायची."

"तशी येणार नाही, मोठेकाका," मी म्हटलं. "चांगली मळून येईल."

आधी तलासरीला जाऊन यमूला घेतलं. तिची आई रस्त्यापर्यंत आली, पण थांबली नाही. तिला कामाला जायचं होतं. मग हायवेने खाली चारोटीला आलो आणि जव्हारच्या रस्त्याला वळलो. कोपऱ्यावर एका हवालदाराने काठी आडवी करून जीप थांबवली. मी लायसन काढून दिलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं, माझा चेहरा पाहिला, मग खाली वाकून मागच्या सीटवरची गाठोडी पाहिली.

"कुठे चाललात?"

"ओरिसाला."

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मी पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर कोण आहे?"

"ही आहे," मी यमूकडे बोट दाखवलं.

"तसं नाही. बरोबर माणूस कोण आहे?"

मी काही बोलायच्या आत यमू माझ्यावरून खिडकीकडे झुकली. "साहेब," ती म्हणाली, "दोन माणसं आहेत. मोजून घ्या."

हवालदार तिच्याकडे बघत राहिला. मागून एका ट्रकने हॉर्न दिला. त्याने लायसन परत माझ्या हातात ठेवलं आणि काठी बाजूला घेतली. मी गाडी गिअरमध्ये टाकली आणि पुढे काढली.